वर्गात न बसता कॉम्प्युटरची पदवी: परीक्षेवर क्रेडिट मिळतं म्हणजे नेमकं काय?

‘अमेरिकेतली कॉम्प्युटर सायन्सची पदवी सहा महिन्यांत, घरबसल्या’ अशा मथळ्याचे व्हिडिओ हल्ली बऱ्याच जणांच्या फोनवर येऊन पडतात. ते पुढे पाठवले की दोन उत्तरं ठरलेली. एक, ‘बोगस असणार’. दुसरं, ‘फी किती?’ दोन्ही जरा घाईची आहेत. ही पद्धत खरी आहे, पन्नासहून अधिक वर्षं चालत आलेली आहे, आणि विद्यापीठ मान्यताप्राप्त असेल तर तिथून मिळालेली पदवी बाकी कुठल्याही पदवीइतकीच अधिकृत असते. मात्र ‘परीक्षा दिल्या आणि कॉम्प्युटरची पदवी मिळाली’ असं कुणी सांगतं तेव्हा मधला एक मोठा तुकडा सांगायचा राहतो. नुसत्या परीक्षांवर पदवीचा जो भाग उरकता येतो, त्यात कॉम्प्युटर फार थोडा असतो.

क्रेडिट म्हणजे मुळात काय मोजतात?

अमेरिकेतली चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. एक विषय बहुधा तीन क्रेडिटचा, म्हणजे सुमारे चाळीस विषय. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास वर्गाबाहेर अभ्यास, असं सुमारे पंधरा आठवडे. ही व्याख्या तिथल्या केंद्र सरकारच्या नियमातच आहे. लक्षात घ्या, यात विद्यार्थ्याला काय आलं याचा उल्लेख नाही. किती वेळ दिला एवढंच आहे.

हे वेळेचं माप आलं कुठून, तर प्राध्यापकांच्या पेन्शनमधून. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली कॉलेजातल्या शिक्षकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे कुठल्या कॉलेजांना द्यायचे हे ठरवताना अट घातली गेली, की प्रवेश देताना विद्यार्थ्याने शाळेत किती अभ्यास केला हे एका ठरावीक, तासांवर आधारलेल्या मापाने पाहावं. पेन्शन कुणाला नको होती? माप सगळीकडे पोचलं आणि पुढे कॉलेजांच्या आतही रुजलं. ज्ञान तासांत मोजता येतं असं फारसं कुणी म्हणत नव्हतं. हिशेबाला सोयीचं होतं, इतकंच.

परीक्षेवर क्रेडिट देणारी पद्धत नेमका हाच हिशेब उलटा करते. आरटीओचं लायसन आठवा. तुम्ही गाडी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकलात, मामाच्या जीपवर शिकलात की गावच्या मैदानात आपली आपण, याच्याशी इन्स्पेक्टरला घेणं नसतं. तो समोर चालवून दाखवा म्हणतो. विद्यापीठानेही तसंच म्हणावं: विषय कुठे, किती दिवसांत शिकलात ते राहू द्या, येतोय हे दाखवा आणि क्रेडिट घ्या.

ही कल्पना आपल्याला परकी नाही

लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा कॉलेजात न जाणाऱ्यांसाठी खुल्या केल्या. त्याच्या एक वर्ष आधी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते याच लंडनच्या नमुन्यावर. शिकवण्याचं काम कॉलेजांचं, परीक्षा घेऊन पदवी देण्याचं काम विद्यापीठाचं. दहावी-बारावीला आजही सतरा नंबरचा फॉर्म भरून शाळेत न जाता बसता येतं, आणि बीए-बीकॉमला ‘बहिःस्थ’ विद्यार्थी म्हणून बसलेली माणसं जवळपास प्रत्येक कुटुंबात सापडतील. अमेरिकनांनी यात भर घातली ती अशी, की एकच मोठी परीक्षा न ठेवता पदवीचे सुटे भाग केले आणि एकेका भागाची परीक्षा वेगळी लावली.

त्यातली सर्वांत परिचित परीक्षा म्हणजे क्लेप (कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम). कॉलेज बोर्ड ही संस्था १९६७ पासून ती घेते. आज तिच्यात ३४ विषय आहेत. बहुतेक पेपर ९० मिनिटांचे, मुख्यतः पर्याय निवडण्याचे आणि कॉम्प्युटरवर द्यायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात आणि सर्वसाधारणपणे ५० ला क्रेडिट द्यावं अशी शिफारस आहे. नापास झालात तर तीन महिन्यांनी तोच पेपर पुन्हा देता येतो. फी शंभर डॉलरच्या आत, वर केंद्राचा किरकोळ आकार. तिथल्या सरकारी विद्यापीठात तीन क्रेडिटच्या एका विषयाला सहज हजार डॉलरच्या वर जातात. तेव्हा लोकांना या परीक्षेचं आकर्षण का वाटतं हे वेगळं सांगायला नको. मॉडर्न स्टेट्स नावाची एक धर्मादाय संस्था तर फुकट अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला क्लेपच्या फीचं कुपनही देते.

दुसरी परीक्षा डीएसएसटी. ती मुळात सैनिकांसाठी होती, नंतर सगळ्यांना खुली झाली. आणि तिसरी आपल्याकडच्या पालकांनाही ऐकून माहीत असते: एपी, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा. अमेरिकेत वाढणारी मराठी मुलं हायस्कूलमध्येच एपी कॅल्क्युलस, एपी कॉम्प्युटर सायन्स देतात आणि कॉलेजात जाताना बरोबर क्रेडिट घेऊन जातात. त्याला कुणी शॉर्टकट म्हणत नाही, उलट पार्टीत कौतुकाने सांगतात. तेच पस्तिशीतल्या आईने क्लेप देऊन केलं की भुवया वर जातात. मला यातला फरक अजून कळलेला नाही.

क्रेडिट देणार कोण?

इथे बरेच जण अडकतात. परीक्षा घेणारी संस्था क्रेडिट देत नाही. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, म्हणजे एसीई, ही संस्था अशा परीक्षा आणि बाहेरचे अभ्यासक्रम तपासून ‘याला तीन क्रेडिट द्यायला हरकत नाही’ अशी शिफारस करते. ती मानायची की नाही हे प्रत्येक विद्यापीठ आपलं आपण ठरवतं. एक विद्यापीठ क्लेपच्या ५० गुणांना क्रेडिट देईल, दुसरं ६० मागेल, तिसरं दारातच उभं करणार नाही.

या बाबतीत सर्वांत मोकळी म्हणून तीन विद्यापीठं ओळखली जातात, आणि तिन्ही एका पाठोपाठ उभी राहिली: न्यूयॉर्क राज्यातलं एक्सेल्सियर १९७१ मध्ये, न्यू जर्सीतलं थॉमस एडिसन १९७२ मध्ये आणि कनेक्टिकटमधलं चार्टर ओक १९७३ मध्ये. नोकरी-संसारामुळे ज्यांचं कॉलेज सुटलं अशा प्रौढांसाठीच ती काढली गेली. जमवलेली बहुतेक क्रेडिट तिथे बाहेरून नेता येतात. मात्र ‘कॅपस्टोन’, म्हणजे आतापर्यंतचं सगळं शिक्षण वापरून करायचा शेवटचा प्रकल्प-विषय, त्यांच्याकडेच करावा लागतो.

वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीची वाट जरा निराळी आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या १९ राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून ती स्थापन केली. इथे सहा महिन्यांची एकरकमी फी भरायची, कॉम्प्युटरच्या विषयांसाठी ती चार हजार डॉलरच्या आसपास असते, आणि त्या मुदतीत जमतील तेवढे विषय संपवायचे. विषय येत असेल तर आठवड्यात परीक्षा द्या, नसेल तर चार महिने घ्या. यूट्यूबवरच्या ‘सहा महिन्यांत पदवी’चा उगम बहुधा इथेच असतो.

आता कॉम्प्युटरकडे येऊ

अमेरिकेतली पदवी आपल्या बीसीए किंवा बीएस्सीपेक्षा ऐसपैस असते. कॉम्प्युटर सायन्स घेतलं तरी इंग्रजी निबंधलेखन, इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र, एखादं निसर्गविज्ञान हे सगळं घ्यावंच लागतं. याला ते जनरल एज्युकेशन म्हणतात. हा भाग आणि मोकळे ऐच्छिक विषय मिळून पदवीचा अर्ध्याहून मोठा हिस्सा सहज होतो. क्लेपच्या ३४ विषयांपैकी बहुतेक याच हिश्शातले आहेत. अमेरिकेचा इतिहास, अर्थशास्त्र, जीवशास्त्र, कॉलेज अल्जेब्रा, स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन. (मराठी नाही. असती तर न्यू जर्सीतल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांना निराळंच महत्त्व आलं असतं.)

कॉम्प्युटरची क्लेप एकच आहे, इन्फर्मेशन सिस्टिम्स. हार्डवेअर, नेटवर्क, ऑफिसात वापरायची सॉफ्टवेअर, एखादी यंत्रणा कशी उभी करतात याचे टप्पे, थोडी प्रोग्रामिंगची तोंडओळख. आपल्या एमएस-सीआयटीच्या चार पायऱ्या वर म्हणा, पण कॉम्प्युटर सायन्सच्या मुख्य अभ्यासाच्या उंबरठ्याबाहेरच. डीएसएसटीमध्ये संगणन व माहिती तंत्रज्ञान, सायबर सुरक्षेची मूलतत्त्वं असे काही विषय मिळतात, तेही प्राथमिक पातळीचे. डेटा स्ट्रक्चर्स (प्रोग्राममध्ये माहिती कशी रचून ठेवायची याचा विषय), ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटरची अंतर्गत रचना, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स यांतला एकही विषय क्लेपमध्ये नाही, डीएसएसटीमध्येही नाही. गणिताचं मात्र बरं आहे, कॅल्क्युलसची क्लेप आहे आणि ती भल्याभल्यांना घाम फोडते.

असं का? विषय तसा आहे म्हणून. ‘या सॉर्टिंग पद्धतीला जास्तीत जास्त किती वेळ लागेल?’ हे चार पर्याय देऊन विचारता येतं. पण दोनशे ओळींच्या प्रोग्रामात मेमरी कुठे गळतेय हे रात्री एक वाजता शोधून काढण्याची परीक्षा ९० मिनिटांत, पर्याय निवडून, होत नाही. आरटीओतही लर्निंग लायसनसाठी चिन्हांची परीक्षा कॉम्प्युटरवर होते. ती पास झालेल्याच्या हातात कुणी वरंध घाटात स्टिअरिंग देत नाही.

म्हणून मुख्य विषयांसाठी दुसऱ्या वाटा वापराव्या लागतात. सोफिया किंवा स्टडी डॉट कॉमसारख्या कंपन्यांचे आपल्या गतीने करायचे अभ्यासक्रम असतात, त्यांतल्या बऱ्याच विषयांना एसीईची शिफारस आहे. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लससारख्या उद्योगातल्या प्रमाणपत्रांवर काही विद्यापीठं क्रेडिट देतात. वेस्टर्न गव्हर्नर्समध्ये बऱ्याच विषयांना लेखी परीक्षा नसतेच. प्रत्यक्ष काम करून द्यायचं, तपासणारा ते ठरलेल्या निकषांवर पाहतो आणि कमी पडलं तर परत पाठवतो. या सगळ्यात वेळेची लवचीकता भरपूर आहे. अभ्यासात सूट मात्र नाही.

मग सहा महिन्यांत पदवी मिळवणारे खोटं बोलतात?

बहुतेक खोटं बोलत नाहीत, अर्धंच सांगतात. व्हिडिओ सुरू होतो तेव्हा त्या माणसाकडे आधीच साठ-सत्तर क्रेडिट जमलेली असतात. कधी जुन्या अर्धवट कॉलेजची, कधी क्लेपची, कधी प्रमाणपत्रांची. त्यात दहा वर्षं सर्व्हर सांभाळलेला असेल तर नेटवर्किंगच्या पेपरला त्याला शिकायचं काहीच नसतं. सहा महिने हा त्याच्या कागदपत्रांचा काळ असतो, शिक्षण आधीच झालेलं असतं. ज्याने आयुष्यात एक ओळ कोड लिहिलेला नाही, त्याला हीच वाट दोन-तीन वर्षांची पडली तर त्यात नवल नाही, कमीपणाही नाही.

‘पण याला शिक्षण म्हणायचं का?’

हा आक्षेप शेजारपाजारच्यांचाच नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी वेस्टर्न गव्हर्नर्सवर ठपका ठेवला, की तिथे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात नियमानुसार पुरेसा संवाद होत नाही, तेव्हा सरकारी मदतीचे ७१ कोटी ३० लाख डॉलर त्यांनी परत करावेत. २०१९ च्या जानेवारीत खात्याने ही मागणी फेटाळली आणि विद्यापीठ सुटलं. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण महानिरीक्षकांच्या प्रश्नातला मुद्दा पोकळ होता असं मला वाटत नाही. वर्गात बाजूच्याने विचारलेला मूर्ख वाटणारा प्रश्न, प्रयोगशाळेत तीन जणांनी मिळून उडवलेला फज्जा, ओळखीच्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र, कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या, उन्हाळी इंटर्नशिप, हे सगळं या वाटेवर मिळत नाही. बाविशीच्या मुलासाठी ही मोठी उणीव आहे. चाळिशीच्या, नोकरी हातात असलेल्या आणि फक्त पदवी नाही म्हणून बढती अडलेल्या माणसाला त्यातलं बरंचसं लागतच नाही. हीच वाट एकाला योग्य आणि दुसऱ्याला अयोग्य ठरते ती यामुळे.

एक तांत्रिक अडचणही आहे. परीक्षेवर मिळालेल्या क्रेडिटला सहसा श्रेणी नसते, नुसतं ‘पास’. त्यामुळे सरासरी, म्हणजे जीपीए, थोड्याच विषयांवर ठरते. पुढे मास्टर्स करायचं असेल तर तिथले लोक गणित आणि प्रोग्रामिंगच्या विषयांतल्या श्रेणी शोधतात. २०१४ पासून ऑनलाइन चालणाऱ्या, फी कमी आणि अभ्यास जड असलेल्या जॉर्जिया टेकच्या मास्टर्ससारखा कोर्स डोळ्यासमोर असेल, तर डेटा स्ट्रक्चर्ससारखे विषय श्रेणी मिळेल अशाच ठिकाणी करावेत.

बोगस कसं ओळखायचं?

२०१५ मध्ये कराचीतल्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण गाजलं. अस्तित्वात नसलेल्या विद्यापीठांच्या वेबसाइट काढून जगभर पदव्या विकण्याचा धंदा. तिथली खूण सोपी होती: तुमचा ‘अनुभव’ सांगा, पैसे भरा, पदवी घरी येईल. थॉमस एडिसनसारखी विद्यापीठंही कामातून मिळालेल्या ज्ञानाला क्रेडिट देतात, पण त्यासाठी एकेका विषयाचे पुरावे जोडायचे आणि त्या विषयाच्या तज्ज्ञाने ते तपासायचे असतात. अख्खी पदवी कुणी अनुभवावर देत असेल तर फोन ठेवावा.

खात्रीचा उपाय म्हणजे मान्यता पाहणं. वर आलेल्या सगळ्या अमेरिकन विद्यापीठांना तिथे प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या मान्यता मंडळांची मान्यता आहे. विद्यापीठ स्वतःच्या वेबसाइटवर काय म्हणतं ते बाजूला ठेवून अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या यादीत नाव शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

मराठी घरात हा प्रश्न कुठे उभा राहतो?

सर्वांत जास्त नवरा किंवा बायकोच्या नोकरीमुळे अमेरिकेला गेलेल्यांच्या घरात. पुण्याचं बीकॉम, लग्नानंतर न्यू जर्सीतलं एडिसन गाव किंवा जर्सी सिटी, आणि नोकरदार जोडीदाराबरोबर राहण्याचा एच-४ व्हिसा. या व्हिसावर शिकायला बंदी नाही. आपली तीन वर्षांची पदवी तिथे बहुधा चार वर्षांच्या बरोबरीची धरत नाहीत, पण अधिकृत मूल्यमापन संस्थेकडून अहवाल घेतला तर तिची बरीच क्रेडिट नव्या पदवीत घालता येतात. म्हणजे इंग्रजी, अर्थशास्त्र, गणित असला पुष्कळसा भाग आधीच झालेला. अशा बाईला क्लेपची गरज तुलनेने कमी असते. तिला लागतो तो कॉम्प्युटरचा गाभा.

भारतात बसून ‘अमेरिकन पदवी’ घेऊ पाहणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. पूर्ण ऑनलाइन अभ्यासावर एफ-१ विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. त्या व्हिसावर असणाऱ्याला एका सत्रात एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ अभ्यासात धरता येतो. त्यामुळे तिथे जाणं आणि शिक्षणानंतरचा कामाचा परवाना, ओपीटी, दोन्ही या वाटेने येत नाहीत. वेस्टर्न गव्हर्नर्स तर अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीच आहे. शिवाय भारतात सरकारी नोकरी किंवा पुढच्या प्रवेशासाठी परदेशी पदवीची समकक्षता लागते, आणि ऑनलाइन पदवीला ती मिळेल असं गृहीत धरू नये. पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

खरं तर त्यांच्यासाठी आता इथेच सोय होते आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस पदवी २०२० पासून सुरू आहे. जेईई लागत नाही, चार आठवडे शिकून पात्रता परीक्षा द्यायची, शिकवणं ऑनलाइन आणि मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन. पूर्ण पदवी १४२ क्रेडिटची आहे, पण अध्येमध्ये डिप्लोमा किंवा बीएस्सी घेऊन बाहेर पडता येतं. इग्नूचं बीसीए आहेच. २०२१ पासून क्रेडिट बँकही आली आहे. तिथे जमा झालेलं क्रेडिट साधारण सात वर्षं वापरता येतं, आणि एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून करता येतात. मात्र निम्मी क्रेडिट तरी पदवी देणाऱ्या संस्थेचीच लागतात, आणि अभ्यासक्रमाला नाव न घालता थेट परीक्षा देऊन पदवीचे तुकडे जमवणं आपल्याकडे अजून नाही. नायलिट या सरकारी संस्थेच्या ओ लेव्हल, ए लेव्हल या कॉम्प्युटर परीक्षांना संस्थेत न जाता थेट उमेदवार म्हणून बसता येतं, ही त्यातली जुनी आणि थोडी विसरली गेलेली फट.

सुरुवात कुठून करावी?

बहुतेक सल्ले सांगतात, सोप्या क्लेपपासून सुरू करा, आत्मविश्वास येईल. मला हे पटत नाही. आधी विद्यापीठ ठरवा, त्या पदवीची विषयांची यादी मागवा आणि तुमची जुनी क्रेडिट त्यात कुठे बसतात हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. कारण त्या यादीत न बसणारा पास झालेला पेपर म्हणजे पाण्यात घातलेले शंभर डॉलर. मग सर्वांत पहिला विषय डेटा स्ट्रक्चर्स घ्या. थोडंही प्रोग्रामिंग येत नसेल तर प्राथमिक प्रोग्रामिंग आणि लगेच डेटा स्ट्रक्चर्स. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गाला, श्रेणी मिळेल असा. इतिहास, मानसशास्त्राच्या परीक्षा वर्षभराने दिल्या तरी तिथेच असतात. हा विषय मात्र चार महिन्यांत दाखवून देतो, की रात्री मुलं झोपल्यावर कोडमधली चूक शोधत बसायला तुम्हाला आवडतं की नाही. आवडलं नाही, तर एकाच विषयाची फी गेली, आणि यादीत अकाउंटिंगच्या पदवीचंही एक पान असतंच.